फॉरमॅट मारायच्या आधी डिस्क बाहेर काढा

"लॅपटॉपला जरा फॉरमॅट मारून देतोस का?" ज्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा एक जरी प्राणी असेल त्याला हा प्रश्न दिवाळीत आणि मे महिन्यात चुकत नाही. मला यावेळी तो सांगलीच्या काकांनी विचारला. लॅपटॉप २०१३ सालचा, इंटेलचा थर्ड जनरेशन आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, घेतला तेव्हा विंडोज ८ होतं, मग मधे ती फुकट अपग्रेडची लाट आली त्यात १० झालं आणि तेव्हापासून तो जो धापा टाकतोय तो आजतागायत. काकांनी त्याच्याशी जुळवून घेतलंय. बटण दाबतात, आंघोळीला जातात, येऊन पासवर्ड टाकतात, देवपूजा उरकतात, मग क्रोमवर क्लिक करतात आणि ते उघडेपर्यंत पेपर वाचतात, कागदाचा.

इन्स्टॉल करायला अर्धा तासच लागला. पण काका साठ वर्षं हिशेबात मुरलेला माणूस, "तू काय करतोयस ते मला समजलं पाहिजे" म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसले, आणि त्यांना समजावण्यात दोन दिवस गेले. ते सगळं इथे लिहून काढतोय.

आधी हा "फॉरमॅट" शब्दच घ्या. आपण फॉरमॅट म्हणतो तेव्हा तीन वेगळी कामं एका शब्दात कोंबलेली असतात. डिस्कचे भाग पाडणं, ते भाग कोरे करणं, आणि त्यावर नवीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं. डिस्क म्हणजे शेतजमीन समजा. पार्टिशन टेबल म्हणजे तिचा सातबारा, कुठून कुठपर्यंत कुणाचं. आणि प्रत्येक तुकड्यात जी फाइल सिस्टिम असते ती त्या तुकड्याची नोंदवही, कुठल्या सरीत काय पेरलंय. क्विक फॉरमॅट मारला की फक्त वही कोरी होते, पीक रानात उभंच असतं, म्हणून तर चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअर पुष्कळदा परत काढू शकतं. पण वरून नवीन पेरणी झाली, म्हणजे त्याच जागेवर नवीन विंडोज टाकलं, की त्या सऱ्या गेल्या. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपवाली डिस्क, तिचं अजून वेगळं, तिथे ट्रिम नावाचा प्रकार असतो, वही कोरी झाली की ती स्वतःच मागून रान नांगरून टाकते, त्यामुळे एसएसडीवर चुकून फॉरमॅट झालं तर फारशी आशा धरू नका.

सातबाऱ्याचेही दोन नमुने आहेत, जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. एमबीआर डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये मावतो, त्यात ४ मुख्य पार्टिशन बसतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जमीन त्याला मोजताच येत नाही. जीपीटीत १२८ पार्टिशन बसतात, शिवाय त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, पुढची खराब झाली तर मागची आहे. हे लक्षात ठेवा, इन्स्टॉलसाठीचा पेनड्राइव्ह बनवताना हाच प्रश्न पुन्हा समोर येतो आणि तिथे लोक अडकतात.

आता सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह. आपल्याकडे एक समज घट्ट आहे की "माझं सगळं महत्त्वाचं डीमध्ये आहे, सी खुशाल उडव". मीही हेच मानायचो. २०१४ मध्ये घरच्या डेस्कटॉपचा सी मी असाच बिनधास्त उडवला, कारण बाबा म्हणाले सगळं डीमध्ये आहे. होतंच, फक्त त्यांनी दोन वर्षं थोडी थोडी करत टाइप केलेली आमच्या कुळाची वंशावळ डेस्कटॉपवर होती, समोरच दिसावी म्हणून. आणि डेस्कटॉप हा सीमधलाच एक फोल्डर असतो. डाउनलोड्स पण, डॉक्युमेंट्स पण. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, काहीही पुसायचं नाही. जुनी डिस्क लॅपटॉपमधून बाहेर काढायची, तिच्या जागी नवीन घालायची, सिस्टिम नवीनवर टाकायची आणि जुनी डिस्क आहे तशी, एक बाइट न हलवता, किमान सहा महिने ड्रॉवरमध्ये. जुन्या लॅपटॉपला तसंही एसएसडी घालायची असतेच, मग हे वेगळं काम राहत नाही.

एसएसडी का, तर त्याचं साधं गणित आहे. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुतेक वेळा ५४०० आरपीएमची असते, मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. आत एक चकती फिरतेय आणि त्यावर ग्रामोफोनसारखी एक सुई पुढे मागे पळतेय. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि सुईला योग्य जागी सरकायला वरून अजून दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर विखुरलेल्या ठिकाणची वाचनं सेकंदाला शंभर पण होत नाहीत. आणि विंडोज चालू होताना हजारो बारक्या बारक्या फाइली वेगवेगळ्या कोपऱ्यातून वाचतं. काकांची आंघोळ तिथे जाते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, साधी स्वस्तातली घेतली तरी अशी वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. त्यामुळे जुन्याच हार्ड डिस्कवर नव्याने विंडोज टाकलं तर पहिले दोन महिने बरं वाटतं, मग अपडेट, अँटिव्हायरस, हे ते साचत जातं आणि पुन्हा फोन येतो. मी तर म्हणेन डिस्क बदलायची नसेल तर फॉरमॅटच्या भानगडीत पडूच नका, स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद करा आणि सोडून द्या.

कुठली घ्यायची? २०१३च्या आसपासच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच कनेक्टरवर बसणारी, एसएसडी लागते, ती पट्टीसारखी एनव्हीएमई वाली नव्हे. उंची ७ मिलिमीटर असते, जुनी डिस्क कधी कधी साडेनऊची असते, मग आत ढिलं बसतं, काहीजण पुठ्ठा कापून घालतात, चालतं. काकांना २४० जीबीची पुरली. रॅम वाढवायची असेल तर आतली पट्टी काढून तिच्यावरचं वाचा, या काळातल्या मशीनला डीडीआर३ किंवा ३एल लागते, डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही, जोर लावू नका. दुसरा स्लॉट रिकामा निघाला तर ४ची ८ करणं हा एसएसडीनंतरचा सगळ्यात चांगला खर्च.

लॅपटॉप उघडताना चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, मग स्क्रू. स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. मी काकूंचा मिसळणाचा डबा मागितला, सात वाट्या, प्रत्येक वाटीत एकेका कोपऱ्यातले स्क्रू. काकूंनी हळद-मोहरी काढून दिली खरी पण "धुऊन परत दे, आणि मोजून" असं दोनदा सांगितलं. डिस्क बाहेर येते ती एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते, ती चौकट काढून एसएसडीला लावायची, कनेक्टर सरळ रेषेत सरकवायचा, झालं.

थांबा, डिस्क काढायच्या आधीची दोन कामं राहिली. एक, विंडोज शटडाउन करताना शिफ्ट दाबून धरून करा. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आली, त्यात शटडाउन म्हटलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, गाभा अर्धवट झोपवून डिस्कवर ठेवतात, म्हणजे सकाळी लवकर उठेल. अशी अर्धवट झोपलेली डिस्क नंतर लिनक्सला (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम) जोडली की तो म्हणतो यात कुणीतरी अजून झोपलंय, मी लिहिणार नाही. शिफ्ट दाबलं की पूर्ण बंद होतं. दोन, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर ड्रॉवरमधली ती डिस्क म्हणजे कुलूप लावलेली पेटी आणि किल्ली विहिरीत.

आता मुख्य प्रश्न, टाकायचं काय. विंडोज १०चे फुकटचे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले. घरगुती मशीनसाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ मिळते, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनच्या, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो, काकांचा तिसऱ्यातला. रुफस नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये ही तपासणी गाळायची सोय आहे, मी माझ्या एका मशीनवर करून पाहिलंय, चालतं, पण पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मशीनवर मी तो खेळ करणार नाही. दुकानात कुणी "क्रॅक वालं टाकून देतो, लाइफटाइम" म्हणालं तर नको म्हणा. त्या अ‍ॅक्टिव्हेटरला चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते आलं, आणि त्याच मशीनवर आपण नेटबँकिंग करणार.

राहिलं लिनक्स. नाव ऐकून लोक घाबरतात, काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं डोळ्यासमोर येतात, पण लिनक्स मिंट दिसायला विंडोज ७च्या जवळ जातं, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे ती ४ जीबीत सुखाने चालते, आणि मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत, पैसे शून्य. काकांचं काम काय, तर बँक, ईमेल, यूट्यूबवर कीर्तन, सोसायटीचे हिशेब आणि प्रिंट. ते सगळं तिथे होतं. पण टॅलीवर रोजचं काम असेल, डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून रिटर्न भरायचे असतील किंवा एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर विंडोजवरच राहा. माझी बहीण सीएकडे काम करते, तिच्यापुढे मी मिंटचं नावही काढत नाही.

विंडोजच ठेवणाऱ्यांसाठी थोडक्यात. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं मूळ लायसन्स असलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच भरलेली असते, खालचं स्टिकर शोधू नका, ते विंडोज ७पर्यंत. १० एकदा त्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याची नोंद मायक्रोसॉफ्टकडे त्या मदरबोर्डच्या नावाने असते, डिस्क बदलली तरी बिघडत नाही. इन्स्टॉल करताना की विचारली तर "माझ्याकडे की नाही" म्हणून पुढे जा, नेट लागलं की आपोआप होतं. फक्त एडिशन तीच हवी. आपल्याकडे विकलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर "होम सिंगल लँग्वेज" असते, लोक हौसेने प्रो निवडतात आणि मग अ‍ॅक्टिव्हेट होत नाही म्हणून बसतात.

पेनड्राइव्ह बनवणं ही पुढची पायरी आणि इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. इंटरनेटवरून जी फाइल उतरते ती आयएसओ, मिंटची साधारण ३ जीबी, विंडोजची त्याच्या दुप्पट. ती नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. आयएसओ म्हणजे आख्ख्या डिस्कचा साचा असतो, त्यात सातबारासकट सगळं, आणि पेनड्राइव्हवर तो साचा उमटवावा लागतो. त्यासाठी रुफस वापरायचं, मिंटसाठी एचर नावाचा प्रोग्रामही चालतो. हे करताना पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जातं, त्यामुळे भाच्याच्या मुंजीचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका, ८ जीबीचा एक वेगळा घ्या आणि त्याच्यावर पेनाने लिहा. आयएसओ बरोबर उतरली का ते चेकसमवरून कळतं, मिंटच्या साइटवर ६४ अक्षरांचा एक आकडा दिलेला असतो, आपल्या फाइलवरून तोच आकडा निघाला पाहिजे, मधे एक बिट जरी बदललं तरी आकडा पार वेगळा येतो. कंटाळवाणं वाटतं पण तीनदा फेल गेलेलं इन्स्टॉल शेवटी अर्धवट डाउनलोडमुळे होतं असं माझ्याबाबतीत झालंय. विंडोजची आयएसओ असेल तर रुफस तोच सातबाऱ्याचा प्रश्न विचारतो, जीपीटी का एमबीआर. सोपं उत्तर, मशीन मुळात विंडोज ८ किंवा पुढचं घेऊन आलं असेल तर जीपीटी, विंडोज ७च्या जमान्यातलं असेल तर एमबीआर. मिंटच्या बाबतीत जे समोर येईल तेच राहू द्या.

यापुढचं कळायला बटण दाबल्यावर काय होतं ते बघावं लागेल. सगळ्यात आधी जागा होतो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. त्याला सगळे बायोस म्हणतात, २०१२नंतरच्या बहुतेक मशीनमध्ये तो खरं तर यूईएफआय असतो, पण लॅमिंग्टन रोडला भडकमकर मार्ग कोण म्हणतं, तसंच. हा म्हणजे सकाळी मार्केटचं शटर उघडणारा माणूस. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, एक फेरी मारतो, मग त्याच्याकडे एक यादी असते की किल्ल्या आधी कुणाला द्यायच्या. पहिल्या डिस्कवरच्या बूटलोडरला तो किल्ल्या देतो, बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा उचलून रॅममध्ये आणतो, आणि मग तो गाभा बाकीच्यांना उठवतो. पेनड्राइव्हवरून बूट करायचं म्हणजे या माणसाला एवढंच सांगायचं, आज किल्ल्या त्या बाजूच्या टपरीवाल्याला दे. त्यासाठी बटण दाबल्या दाबल्या एक की टिकटिक करत दाबत राहायची, डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मशीनना एफ१२, एचपीला एफ९ किंवा एस्केप, आसुसला एस्केप किंवा एफ८, एसरला एफ१२ पण ती सोय आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. विंडोजचा लोगो दिसला म्हणजे उशीर झाला, पुन्हा.

काकांच्या मशीनवर आमचा एक तास वेगळ्याच कारणाने गेला. पेनड्राइव्हवरून मिंट चालू झालं, वायफाय लागलं, ब्राउझर उघडला आणि प्रत्येक साइट म्हणाली कनेक्शन सुरक्षित नाही. काका म्हणाले, "बघ, फुकटचं ते फुकटचंच." मी वायफाय बघितलं, राउटर बघितला, शेवटी काकूच मागून म्हणाल्या की घड्याळात २०१२ काय दाखवतंय. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की बॅटरी-चार्जर काढल्यावर मशीन तारीख विसरतं. आणि साइटच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं छापलेलं असतं, २०१२मध्ये अडकलेल्या मशीनला ते सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही. बायोसमध्ये जाऊन तारीख दुरुस्त केली, सगळं लागलं. सेल दुसऱ्या दिवशी बदलला, घड्याळवाल्याकडे मिळाला.

मिंटची ही सोय मला फार आवडते की इन्स्टॉल न करता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. घाईघाईत इन्स्टॉलचं चिन्ह दाबू नका. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, ब्राइटनेसची बटणं, कॅमेरा, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतं का, सगळं तपासा. काही जुन्या मशीनमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असतं, ते सुरुवातीला दिसत नाही, अशावेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करायचं, नेट मिळतं, आणि ड्रायव्हर मॅनेजर ते कार्ड शोधून काढतो. प्रत्यक्ष इन्स्टॉल मग अगदीच सोपं. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात) चौकोनात टिक करा, आणि ज्या पानावर "डिस्क पुसून मिंट टाकू का" असं येतं तिथे एरवी छातीत धस्स होतं, पण आता मशीनमध्ये एकच डिस्क आहे आणि ती कोरी आहे, चुकून तरी काय चुकणार. काकांनीच एंटर मारला. वीस मिनिटांत झालं. चालू करून डेस्कटॉप येईपर्यंत त्यांनी मनगटावरच्या घड्याळात मोजलं, २२ सेकंद. मग म्हणाले पुन्हा कर.

त्यानंतरचं काम म्हणजे घर लावणं. अपडेट, प्रिंटर (तो आपोआप सापडला, विंडोजवर मी सीडी शोधत बसायचो), टाइमशिफ्ट चालू करणं म्हणजे उद्या काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट असतो, आणि आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम टाकला की गमभन, फोनेटिक असे पर्यायही मिळतात. ब्राउझरमधले बुकमार्क जुन्या विंडोजवर आधीच एका फाइलमध्ये काढून घेतले होते. पासवर्ड काकांच्या डायरीत होते, देवघराच्या ड्रॉवरमध्ये, आणि खरं सांगायचं तर मला त्यावर काही बोलता आलं नाही, हॅकर काही सांगलीत येऊन देवघर उघडणार नाही.

जुनी डिस्क मी एका यूएसबी केसमध्ये घातली, असं केस बाजारात सहज मिळतं, आणि काकांचे फोटो, पीडीएफ, हिशेबाच्या शीट नव्या डिस्कवर कॉपी केल्या. मग केसवर कागद चिकटवला, "पुसू नये", खाली तारीख, आणि मी पुण्याला परत आलो.

चार दिवसांनी फोन. "अरे, सोसायटीचं इतिवृत्त उघडलं तर नुसती गिचमिड दिसतीये. डॉलर काय, कंस काय, इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी. रविवारी सभा आहे." मी डोक्याला हात लावला. काका २००६पासून इतिवृत्त श्रीलिपीत टाइप करतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा आकडा देणारी पद्धत, तिच्या आधीचे जे मराठी फॉन्ट होते, श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव वगैरे, त्यात फाइलमध्ये खरं तर मराठी नसतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आकडेच असतात, फक्त त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी काना, मात्रा किंवा अर्ध्या अक्षराचं चित्र काढलेलं असतं. फॉन्ट असेल तर "सभेचे इतिवृत्त", फॉन्ट नसेल तर गिचमिड. आणि फॉन्ट डॉक्युमेंट्समध्ये राहत नाही, तो सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या पोटात फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये राहतो, जिथे बॅकअप घेताना कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं, दहा वर्षांच्या अनुभवानंतर.

"काका, ती डिस्क कुठाय?"

"कुठली, पुसू नये वाली? देवघरात, डायरीखाली."

फोन स्पीकरवर ठेवून काकांनी डिस्क जोडली, मी सांगत गेलो तसं विंडोज, त्यात फॉन्ट्स, त्यात "श्री" नावाने सुरू होणाऱ्या फाइली. त्या उचलून होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये टाकायच्या, नाव डॉट फॉन्ट्स, कंट्रोल आणि एच दाबल्यावर लपलेलं दिसतं, तो फोल्डर नसेल तर आपण बनवायचा. काकांना डॉट समजायला थोडा वेळ लागला, "पूर्णविराम आधी? वाक्याच्या आधी?" हो, वाक्याच्या आधी. लिबरऑफिस (मिंटमधलं वर्ड-एक्सेल) बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, फक्त पंख्याचा आवाज.

मग काका मोठ्याने वाचायला लागले, "सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे…"

विषय क्रमांक ४पर्यंत वाचत होते, गच्चीवरच्या गळतीपर्यंत. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा कन्व्हर्टर लावून ही सगळी फाइल युनिकोडमध्ये करून द्यायची असं ठरलंय, आणि काकूंच्या डब्यातला एक स्क्रू मोजणीत कमी भरतोय तोही शोधायचाय.